अवजार खाली ठेवण्याचा सण

सातारा-सांगलीकडच्या घरांत नुसते 'पंचमी' म्हटले की ती नागपंचमीच. रंगपंचमीला आणि वसंतपंचमीला पूर्ण नावाने हाक मारावी लागते. श्रावण शुद्ध पंचमीच्या सकाळी विळी आडवी पडलेली असते. चुलीवर तवा चढत नाही, कढईत तेल तापत नाही. पुरणाची दिंडे उकडतात, ज्वारीच्या लाह्या आधीच फोडून ठेवलेल्या असतात. रानात त्या दिवशी नांगर, कुळव, कोळपे, खुरपे काहीच चालत नाही. भांगलण कितीही खोळंबली तरी बाया बांधाकडे फिरकत नाहीत. पाटावर किंवा भिंतीवर हळद-चंदनाने नाग काढायचा, कुंभाराकडून मातीचा आणायचा, नाहीतर गाणी म्हणत वारुळाला जायचे, हा झाला पूजेचा भाग, आणि सणाची वर्णने बहुधा तेवढ्यावरच थांबतात. पण पूजेचे तपशील घरागणिक बदलतात. कुठे दूध, कुठे नुसत्या लाह्या-फुटाणे, कुठे एक नाग तर कुठे पिलावळीसकट नऊ. 'हे करायचे नाही' ही यादी मात्र गावोगाव जवळपास एकच असते. म्हणून या सणाचा अर्थ शोधायचा तर नागापुढे काय ठेवले जाते यापेक्षा माणसाच्या हातातून काय खाली ठेवले जाते, तिकडे आधी पाहावे. माझे म्हणणे एवढेच आहे की पंचमी हे हाताचे व्रत आहे. वर्षातून एक दिवस अवजार खाली ठेवायचे, म्हणजे उरलेल्या दिवसांत ते कुणावर चालते याचे भान राहते.

या म्हणण्याला पहिला आधार पंचमीच्या कहाणीचाच आहे. श्रावणात घरोघर वाचली जाणारी ही कहाणी बहुतेकांना ठाऊक असते: शेतकरी नांगर धरतो, फाळाखाली वारुळातली नागाची पिल्ले मरतात, संतापलेली नागीण त्याच्या घरादाराला दंश करते आणि उरलेल्या एका लेकीचा सूड घ्यायला तिच्या सासरी पोहोचते. तिथे ती लेक पाटावर काढलेल्या नागांची मनोभावे पूजा करत असते. नागिणीचा राग शमतो, लेकीला अमृत मिळते, माहेरची माणसे उठून बसतात. या कहाणीतला शेतकरी दुष्ट नाही, ही गोष्ट सहसा निसटून जाते. त्याने पिल्ले पाहिलीही नव्हती. वैर नाही, लोभ नाही, रोजचे काम चाललेले आहे, आणि तरीही जीव गेलेले आहेत. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या कथा आपल्याकडे उदंड आहेत. अजाणता झालेल्या हिंसेचा हिशेब मांडणारी ही कथा वेगळी आहे. फाळाला डोळे नसतात, म्हणून धरणाऱ्याने ते ठेवायचे असतात. मनाई नांगरावर, विळीवर, तव्यावर पडते याचे कारण इथे आहे. माणसाच्या मनातला द्वेष हा या व्रताचा विषयच नाही. त्याच्या सवयीचा हात हा विषय आहे. आपल्याच पंचांगात याची उलट बाजूही आहे. खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू लावून त्यांचे उपकार मानले जातात. त्याच्या दोन महिने आधी, पंचमीला, त्याच अवजारांना गप्प बसवलेले असते. एका वर्षात दोन्ही दिवस पाळणाऱ्या शेतकऱ्याला अवजाराची ताकद आणि त्याचा आंधळेपणा दोन्ही कळले होते, असे म्हणायला हरकत नाही.

महाभारतातला पुरावाही याच दिशेचा आहे. परीक्षिताला तक्षक नागाने मारले म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले. मंत्र म्हणावेत आणि साप येऊन अग्नीत पडावेत असा तो यज्ञ. तो थांबवला आस्तिकाने, ज्याचा बाप ऋषी आणि आई वासुकीची बहीण. दोन्ही कुळांचे रक्त अंगात असलेला मुलगाच हे करू शकला, हे आदिपर्वाने मोठ्या समजुतीने रचले आहे. यज्ञ थांबला तो दिवस पंचमीचा, असे परंपरा मानते. आता पाहा, यज्ञ हेसुद्धा एक अवजारच. एका सापाच्या अपराधासाठी सगळ्या सर्पकुळाला खेचून आणणारे. तिथेही पुण्य कोणाला लाभले? यज्ञ पूर्ण करणाऱ्याला नव्हे, तो थांबवायला लावणाऱ्याला आणि शब्द पाळून थांबणाऱ्याला.

इथे कोणी म्हणेल की हे सगळे फार जमिनीवरचे झाले. नागाचा खरा आध्यात्मिक अर्थ कुंडलिनी. प्रवचनांत हा अर्थ हमखास सांगितला जातो आणि तो निराधार नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन नागिणीच्या पिलाच्या रूपकातून येते आणि ते मराठीतल्या सर्वांत देखण्या वर्णनांपैकी एक आहे. सांगली जिल्ह्यात तर नाथपंथाच्या खुणा जागोजाग आहेत. वाळवा तालुक्यातला मच्छिंद्रगड मच्छिंद्रनाथांच्या नावाचा, शिराळ्यात गोरक्षनाथांचे स्थान. तरीही कुंडलिनी हा साधकाचा विषय आहे, तो गुरूकडून घ्यायचा असतो. पंचमी पाळणाऱ्या लाखो बायकांना ती कुणी शिकवलेली नाही आणि त्यांचे त्यावाचून काही अडलेले नाही. सणाचा अर्थ तो पाळणाऱ्यांच्या कृतीत शोधायचा असेल तर चक्रे आणि नाड्या यांपेक्षा आडवी पडलेली विळी अधिक बोलकी आहे. शिवाय दोन्ही अर्थ एकमेकांना छेद देत नाहीत. सुप्त शक्तीला उगाच डिवचू नये, हे योगीही सांगतो आणि बांधावरची म्हातारीही.

बायकांच्या कृतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, या भागात बायका भावाचा उपवास धरतात. नाग हा भाऊ मानला आहे. देव, राजा, राक्षस हे सगळे सोडून भाऊच का, याचा विचार केला तर लोकमानसाची चतुराई दिसते. सासरी नांदणाऱ्या बाईचा भाऊ हे फार नाजूक नाते असते. तो तिच्या घरात राहत नाही, रोज दिसत नाही, पण तो आहे या भरवशावर तिचे बरेच काही उभे असते. पंचमीला माहेरवाशिणी माहेरी येतात, झिम्मा-फुगडी, झोके रंगतात, आणि ज्या भावाने न्यायला यायचे त्याच्यासाठी धरलेल्या उपवासात नागही जाऊन बसतो. ज्याला मिठी मारता येत नाही, घरात ठेवता येत नाही, आणि ज्याला मारणेही योग्य नाही, अशाला कुटुंबात घेण्याचा हा मार्ग आहे: लांबून नाते मानायचे. या भागात अंधार पडल्यावर सापाचे नाव घेत नाहीत, 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात. दंश झाला तर 'पान लागलं' म्हणतात. याला नुसती भीती म्हणून चालणार नाही. भीतीने माणूस काठी उचलतो. इथे भीतीला शिस्त लावून तिची अदब केलेली आहे.

आणि सण श्रावणातच का, हेही पाहण्यासारखे आहे. पावसाने बिळे भरतात, साप कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. उंदीर घराकडे सरकतात, त्यांच्या मागावर नागही. नागिणीने उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत घातलेली अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात, म्हणजे पिल्ले रानात असण्याचा काळ हाच. याच दिवसांत शिराळ्याकडे भाताची चिखलणी आणि रोपलावण, इतरत्र कोळपण-भांगलण जोरात असते. माणूस आणि साप एकमेकांच्या सर्वांत जवळ येण्याचे हे दिवस. कहाणी रचणाऱ्याला प्राणिशास्त्र ठाऊक नव्हते, पण शेत ठाऊक होते.

आता शिराळ्याकडे वळू, कारण हे सारे म्हणणे तिथेच कसाला लागते. बत्तीस शिराळा हे सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेचे तालुक्याचे गाव. एके काळी बत्तीस गावांचे मुख्य ठिकाण, म्हणून नावात बत्तीस. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथला. पण गावाचे नाव जगभर गेले ते जिवंत नागांच्या पंचमीमुळे. आख्यायिका अशी, की गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजला जाऊ लागला. पुढे त्याला जे रूप आले ते मागच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. पंचमीच्या आधी काही दिवस मंडळांचे तरुण शिवारात पांगायचे, बिळे हेरून नाग धरायचे, तोंडाला फडके बांधलेल्या मडक्यांत ठेवायचे. पंचमीला घरोघरी आणि अंबामातेच्या देवळात पूजा, मग ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरून मिरवणूक, आणि स्पर्धा: कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच. सण झाला की नाग ज्याच्या त्याच्या जागी सोडून द्यायचे. नागाची पूजा म्हणून कुदळ-खोरे घेऊन बीळ उकरायचे, यातला विरोध कुणाला खटकला नाही. ज्या सणात जमीन उकरायची नाही, तोच सण उकरण्यावाचून साजरा होईना.

नाग हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ साली नाग पकडणे, खेळवणे, मिरवणे न्यायालयाच्या आदेशाने थांबले. शिराळ्यात त्याचा राग आला, आणि तो खोटा होता असे मी म्हणणार नाही. शिराळकरांचे मुद्दे ऐकून घेण्याजोगे आहेत. एक, की आमच्या गावात नाग दिसला म्हणून काठी उचलण्याची रीत नाही. ज्या गावांनी कधी नाग पुजला नाही तिथे तो ठेचला जातो आणि तिथे कुणी याचिका करत नाही. दोन, की नाग ओळखण्याचे, धरण्याचे, न दुखावता सोडण्याचे ज्ञान आमच्या घरांत पिढ्यांपिढ्या आहे. बंदीने ते मरेल. तीन, की श्रद्धेत कोर्टाने पडू नये. पहिला मुद्दा पूर्ण मान्य करावा लागतो. शहरी प्राणिप्रेमाने शिराळ्याकडून शिकावे असे त्यात बरेच आहे. दुसरा अर्धा मान्य. ज्ञान खरे आहे, पण त्याचा उपयोग घरात शिरलेला नाग सुखरूप रानात नेण्यासाठी व्हावा, रानातला नाग मडक्यात आणण्यासाठी नाही. पिल्ले फुटण्याच्या दिवसांत बिळे उकरणे आणि गर्दीत, गोंगाटात, हाताळणीत नागाला वारंवार फणा काढायला लावणे यात इजा होत नाही, हे म्हणणे टिकत नाही. फणा हा नागाचा नमस्कार नव्हे. तो घाबरलेल्या प्राण्याचा इशारा आहे.

तिसरा मुद्दा श्रद्धेचा, आणि त्याचे उत्तर कायद्याने देण्यापेक्षा गोरक्षनाथांनीच द्यावे. नाथांच्या प्रश्नात डिवचणे आहे. मातीच्या नागाला दूध देतेस, पण खरा नाग दारात आला तर काय करशील? बाराव्या शतकात बसवेश्वरांनीही आपल्या वचनांत हीच विसंगती भक्तांपुढे धरली होती, आणि ते वचन जिथे गायले गेले तो मुलूख सांगली-मिरजेला लागूनच आहे. प्रश्न प्रतिमेवरच्या भक्तीचा खरेपणा तपासणारा आहे. त्याला 'हो' म्हणणे म्हणजे जिवंत नाग जिथे आहे तिथे त्याला जगू देणे. तो धरून आणून पाटावर ठेवला की जिवंत नागाचीसुद्धा पुन्हा मूर्ती होते, फक्त श्वास घेणारी. असा अर्थ घेतला तर १९७२ चा कायदा आणि नाथांचा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात. हे वाचन मी लावतो आहे, आख्यायिकेत ते उघड लिहिलेले नाही, हे मान्य. पण स्पर्धेतली फणा मोजणारी पट्टीही आख्यायिकेत नाही.

बंदीनंतर शिराळ्यात पंचमी बुडाली नाही. मातीच्या नागाची पूजा, पालखी, अंबामातेचे दर्शन चालूच राहिले. २०२५ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २१ जणांना, शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाचा प्रसार या हेतूने, नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली; स्पर्धा, मिरवणूक आणि खेळ यांना मात्र नाही. गावात त्याचा आनंद झाला. माझ्या मते या परवानगीची कसोटी एकच: त्या दिवशी मुलांना नाग धरायचा कसा हे दाखवले जाते, की त्याच्यापासून किती हात लांब उभे राहायचे हे? पहिले शिकायला फार थोड्यांना हवे, दुसरे प्रत्येकाला.

अंतर राखण्याची हीच कला शेजारच्या सातारा जिल्ह्यात एका वेगळ्याच, जरा हसू आणणाऱ्या रूपात दिसते. खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या दोन गावांमध्ये एक ओढा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका वाजतगाजत ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना हातवारे करून यथेच्छ शिव्या देतात. हा 'बोरीचा बार'. सभ्य माणसे याला रानटीपणा म्हणतात आणि वृत्तपत्रे दरवर्षी गंमत म्हणून छापतात. पण त्याची रचना पाहा. शिवी द्यायची, ओढा ओलांडायचा नाही. ओलांडू पाहणाऱ्यांना आवरायला पोलीस उभे असतात. वर्षभर साठलेले विष जिभेवरून जाऊ द्यायचे, हात मात्र पलीकडे पोहोचू द्यायचा नाही. पंचमीशी या बाराचा थेट संबंध कुणी सिद्ध केलेला नाही. तरी आदल्या दिवशी विषारी जिवाशी लांबून नाते जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःतले विष मधल्या पाण्यावर सोडून द्यायचे, हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

राहिला सर्वांत रोखठोक आक्षेप: एक दिवस नांगर थांबवून काय होते? दुसऱ्या दिवशी त्याच रानात साप दिसला की काठ्या निघतात. हे खरे आहे. उपवासाबद्दलही हेच म्हणता येईल, आणि एका दिवसाच्या उपवासाने भूक कळते, ती मिटत नाही, हे उपवास करणाऱ्यालाही ठाऊक असते. व्रताकडून वर्षभराच्या सदाचाराची हमी मागणे चूक. ते वर्षभराच्या सवयीला एक खाच पाडते, एवढेच. पण खाच पाडायची तर ती खरी हवी. गारुड्याने उपाशी-तहानलेल्या ठेवलेल्या नागापुढे दुधाची वाटी धरणे ही खाच नव्हे. साप सरपटणारा प्राणी आहे, दूध त्याचे अन्न नाही, ते त्याला सोसत नाही. पुंगी त्याला आपल्यासारखी ऐकूही येत नाही. तो डोलतो तो पुंगीच्या हालचालीवर डोळा ठेवून. पाटावरच्या नागाला नैवेद्य दाखवावा आणि दूध घरच्या पोरांनी प्यावे. परंपरेने काढलेला नाग आणि मातीचा नाग हीच सोय करून ठेवली आहे.

शिवाय हे सारे ज्या पार्श्वभूमीवर चालते ती विसरून चालणार नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, बहुतेक खेड्यांतली, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. ज्या घरातले माणूस असे गेले त्या घराला नागाशी नाते सांगणे क्रूर वाटेल, आणि त्यांना गप्प करण्याचा अधिकार कुणालाही नाही. मात्र साप मारायला जाणारा माणूस त्याच्या सर्वांत जवळ जातो. उसाच्या पाल्यात, कडब्याच्या गंजीत, पहाटेच्या पाणी पाळीला न पाहता घातलेला हात आणि अनवाणी पडलेले पाऊल, यांतून दंश होतात. म्हणजे पुन्हा कहाणीतलाच आंधळा हात. बॅटरी, बूट, गंजीत हात घालण्याआधी काठीने केलेली चाचपणी, हे व्रत पंचमीचेच आहे, फक्त ते रोज पाळायचे आहे.

तेव्हा या पंचमीला पाटावर नाग काढाल तेव्हा शेजारच्या भिंतीवर दोन आकडे लिहून ठेवा. घरात नाग निघाला तर काठी न उचलता लांब उभे राहून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकाला कळवा. पान लागलेच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ची गाडी बोलवा आणि सर्पविषावरची प्रतिलस असलेले जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. ते कोणते, याची चौकशी आजच करून ठेवा.